राखुंडी आणि आईचा मासा

३ मार्च

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र कुणाचं आहे हे पाकिटावरच्या अक्षरावरून तुला कळलंच असेल, आणि तरीही तू ते फोडलंस याबद्दल आभार. फोडलं नसशील तर हे वाक्य फुकट गेलं. माझी तब्येत बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण अडुसष्टाव्या वर्षी कुरकुर करायला घरात दुसरं कुणी नाही, तेव्हा त्यांचंच ऐकून घेतो. तुझं सगळं ठीक असावं.

तुझा पत्ता कसा मिळाला ते आधी सांगतो, नाहीतर मी तुझ्यामागे माणसं लावली असं तुला वाटायचं. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका आठवतात ना, अजून आहेत. सुईत दोरा मात्र आता दुसऱ्याकडून ओवून घेतात. त्यांची नात सुट्टीला आली होती. तिने जिन्यात मला चित्रांचं पुस्तक दाखवलं. त्यात एक मासा होता. तो कुठल्या जातीचा हे पुस्तक लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसावं, पण डोळा खरा होता. बुबुळाच्या वरच्या कडेला नखाएवढी जागा उजेडासाठी कोरी सोडणारी बाई माझ्या माहितीत एकच आहे. मागच्या पानावर नाव पाहिलं तर तूच. प्रकाशकांना दोन पत्रं लिहिली, तेव्हा कुठे त्यांनी पत्ता दिला.

आता कामाचं. आपल्या मासे ओळखण्याच्या पुस्तकाची बावीस वर्षांनी नवी आवृत्ती निघते आहे. दुरुस्त्या दहा मेपर्यंत द्यायच्या आहेत. तुझी चौसष्टच्या चौसष्ट चित्रं पुन्हा छापायची आहेत. मागच्या वेळी तू हट्टाने आपलं नाव काढायला लावलंस. तेव्हापासून कुणीही विचारलं, चित्रं कुणाची, की मी ‘घरचीच आहेत’ म्हणून वेळ मारून नेतो. या खेपेला नाव घालू दे. एवढी परवानगी मागण्यासाठीच हे पत्र.

निवृत्त झाल्यावर मी आईच्या खोलीत काचेची मोठी टाकी बसवली. संग्रहालयात छत्तीस वर्षं मेलेले मासे मोजले, म्हटलं आता जिवंत तरी बघू. धक्क्यावरचा एक मच्छीमार दर पंधरवड्याला समुद्राचं पाणी कॅन भरून आणून देतो आणि दर वेळी विचारतो, ‘काका, यातला खाणार कधी?’ टाकीत एक केंड आहे. नाकाच्या शेंड्यावर राग. जरा काही झालं की फुगून चेंडू होतो, आणि मग त्याला स्वतःलाच वळता येत नाही. इतरांचे पर कुरतडतो म्हणून त्याला मध्ये काच घालून वेगळं ठेवलं आहे. एक चपटा आहे, तो दिवसभर वाळूत पडून असतो. पिल्लू असताना त्याचे डोळे दोन बाजूंना होते. मोठा होताना एक डोळा डोक्यावरून सरकत दुसऱ्या बाजूला आला. आता त्याला एकच बाजू दिसते आणि जग तेवढंच आहे असं त्याला वाटतं. तू म्हणशील, हा कुणासारखा ते सांगायला नको.

शिवाय करड्या अंगाच्या तीन राखुंड्या आहेत आणि एक निळा होता. होता म्हणतो, कारण मागच्या सोमवारी तो गेला. पान एकतीसवरची राखुंडी आपल्या आधीच्या लोकांनीच नोंदवलेली, पण पान बत्तीसवरचा निळा माझा. मी शोधला, मी नोंदवला, आणि आई अंथरुणावर असताना त्याला आईचं नाव दिलं. सकाळी दिवा लावला की तो काचेजवळ यायचा. सवय झाली होती. त्या दिवशी चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा तसाच राहिला.

जाता जाता त्या बरणीबद्दल. तुझ्याकडून झाकण सैल राहिलं, मासा कुजला, गोष्ट एवढीच होती. त्यावरून संग्रहालयाच्या साहेबांनी तुला कामावरून काढलं, हे जरा जास्तच झालं असं मला तेव्हाही वाटलं होतं. माणसाच्या हातून चूक होते. मी ते केव्हाच मनातून काढून टाकलं आहे, तूही टाक.

तुझा
वडील बंधू


३१ मार्च

धाकटे,

पत्र पोचलं असावं. परत आलं नाही, यावरून तसं समजतो. तुझं उत्तर नाही. नाही आलं म्हणून रागावलेलो नाही. पोस्टमन मात्र माझ्यावर रागावला आहे. रोज खाली जाऊन उभा राहतो म्हणून काल म्हणाला, ‘आलं तर मी वर आणून देईन की.’ शिंपीकाकाही मधूनमधून विचारतात, कुणाची एवढी वाट बघताय. मी ताकास तूर लागू दिलेली नाही.

मागच्या पत्रातला शेवटचा भाग मी पुन्हा आठवून पाहिला. तो बरोबर लिहिला गेला नाही. क्षमा करायला निघालेल्या माणसाने आधी आपली पायरी बघावी.

आज लिहिण्याचं कारण वेगळं आहे. टाकीत एक प्रकार चालू आहे आणि तो तुझ्याशिवाय कुणाला सांगावा हे मला कळत नाही. निळा गेल्यावर दोन-तीन दिवसांतच तिघींपैकी सगळ्यात मोठी राखुंडी बाकीच्या दोघींना हुसकावायला लागली. ही तीच, जिच्या शेपटीला खाच आहे. आधी मला वाटलं, घरातलं मोठं माणूस गेलं की कुणीतरी मोठेपणा घेतंच. मग पंधराव्या दिवशी तिच्या गालावर एक निळी रेघ दिसली. मी चष्मा पुसला. विसाव्या दिवशी डोकं निळं. आज अर्ध्या अंगापर्यंत निळं आलं आहे आणि मागचा भाग अजून राखी. मच्छीमाराने गंमत म्हणून मासा बदलला असेल म्हणावं, तर शेपटीची खाच तीच.

माशांमध्ये असं होतं हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. घोळक्यातला नर गेला की सगळ्यात मोठी मादी नर होते, रंगही बदलते. अशा कितीतरी जाती आहेत. त्यांच्यावर मी व्याख्यानं दिली आहेत. पण ते दुसऱ्यांच्या माशांत व्हायचं. माझ्या माशात होत नव्हतं.

आज सकाळी पुस्तक काढून त्या दोघांचा तक्ता वाचला. राखुंडी वीतभर, निळा दीड वीत. राखुंडी घोळक्यात राहते, निळा एकटा. राखुंडी भित्री, निळा भांडखोर. राखुंडीच्या डोळ्यामागे तांबूस रेघ, निळ्याच्या तीच रेघ, फक्त फिकट. खाली मी ऐटीत लिहिलं आहे की हे दोन्ही मासे नेहमी एकमेकांच्या शेजारी सापडतात. सापडणारच. एकच बिऱ्हाड होतं ते. दोन जातींतले फरक म्हणून मी जे मोजले ते एकाच माशाचे आधीचे आणि नंतरचे दिवस होते.

तू हे तेव्हाच सांगितलं होतंस. आईचं नाव दिल्याला पंधरा दिवस झाले असतील. तू धक्क्यावरून आलीस, ओली टोपली थेट माझ्या कागदांवर ठेवलीस आणि म्हणालीस, ‘दादा, हे दोन नाहीत. एकच आहे. डोळा बघ.’ मी म्हणालो होतो की तुझं काम रंगवायचं, मोजायचं काम माझं. शब्द अगदी तेच नसतील, पण सूर तोच होता. मला तेव्हा खरंच पटलं नव्हतं. आज टाकीसमोर बसून पटलं. तुझं बरोबर होतं. हे तुला कळवायला बावीस वर्षं लागली याचं वाईट वाटतं.

पान बत्तीसचं काय करावं याचा निर्णय होत नाही. नियम तुला माहीत आहे. दोन नावं एकाच माशाची निघाली की जुनं राहतं, नवं जातं. म्हणजे आईचं नाव जाईल. दुरुस्ती पाठवली नाही तर कुणाला कळणारही नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. जगात हा मासा टाकीत ठेवून त्याच्याकडे बघत बसणारा रिकामटेकडा मी एकटाच आहे.

उत्तर पाठव. चार ओळीही चालतील. मला फार एकटं वाटतं, धाकटे. पूर्वीही वाटायचं, पण आता त्यात कामाचा खोळंबा नसतो.

तुझा
भाऊ


४ मे

शेपटे,

लहानपणी मी जिथे जाईन तिथे तू मागे मागे यायचीस म्हणून ठेवलेलं नाव. आज ते लिहायचा मला हक्क नाही, पण दुसऱ्या कुठल्या नावाने हे पत्र पुढे सरकेना.

तुझं पाकीट मिळालं. पोस्टमनने शब्द पाळला, वर आणून दिलं. आत पत्र असेल म्हणून मी चष्मा पुसून, खुर्ची खिडकीशी ओढून बसलो. आत एकच कागद निघाला. तुझं पेन्सिलचं चित्र, कडा पिवळ्या पडलेल्या. डोकं गडद, शेपटीकडे फिकट, मधोमध रंगाची सीमा, आणि डोळ्यात तो कोरा उजेड. चार आठवड्यांपूर्वी माझ्या टाकीत जसा मासा होता, हुबेहूब तसा. कोपऱ्यात तुझं बारीक अक्षर. बरणी ४१७. डोकं निळं, शेपूट राखी. खवले २७. झाकण मेणाने बंद, दुपारी ४.

दुसरा एक शब्दही तू लिहिला नाहीस. लिहायची गरज नव्हती. ‘मला तेव्हा खरंच पटलं नव्हतं’ हे मी जे लिहिलं होतं, त्याला तू दिलेलं हे उत्तर आहे हे मला कळलं. मी तो कागद आईच्या पलंगाच्या जागी बसून दोन दिवस बघितला. आता सरळ लिहितो.

मला त्याच दिवशी पटलं होतं. तू टोपली ठेवून हात धुवायला गेलीस तेवढ्यात मी तो मासा भिंगाखाली धरला होता. अर्धा निळा, अर्धा राखी. दोन जातींचा अर्धा-अर्धा मासा नसतो हे पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही कळतं. तू परत आलीस तेव्हा मी म्हणालो, याला काहीतरी रोग आहे. तू बसून चित्र काढलंस, मासा बरणीत घातलास, झाकण लावलंस आणि वर मेण ओतलंस.

तक्त्यात निळ्याचे खवले ‘सव्वीस ते सत्तावीस’ असे छापले आहेत, तेही सांगून टाकतो. सगळे निळे सत्तावीसच होते, राखुंडीसारखेच. एकाचा एक खवला जाळ्यात सुटला होता, त्याचा रिकामा खळगा भिंगाखाली स्पष्ट दिसत होता. तो मी धरला नाही. एका न मोजलेल्या खळग्यावर मी एक अख्खी जात उभी केली. आपल्या धंद्यात चूक होते ती अशी, कुणी ओरडत नाही, आकडा फक्त एकाने खाली येतो.

तू म्हणशील, एवढं कशासाठी. आईसाठी, असं मी बावीस वर्षं स्वतःला सांगत आलो. तुला तो दिवस आठवत असेल. माशाला तिचं नाव दिलं म्हणून सांगितलं तर ती म्हणाली, ‘जन्मभर मासे साफ करून हाताचा वास गेला नाही, आता नावालाही येईल.’ आणि मग दुपारभर जो येईल त्याला तेच सांगत बसली. शिंपीकाकांना तर दोनदा. औषधाला ती तोंड उघडत नव्हती, पण त्या दिवशी तिने सगळं घेतलं. पंधरा दिवसांनी तिच्याकडून ते परत कसं घ्यायचं? हे खरं आहे. पण निम्मंच. उरलेलं निम्मं असं की तो शोध माझा होता, आणि माझ्याहून सात वर्षांनी लहान, मोजमाप न शिकलेली माझी बहीण नुसत्या डोळ्याने बरोबर ठरत होती. ते मला सहन झालं नाही.

मी बरणी लपवली. साहेबांनी विचारलं तेव्हा सांगितलं की झाकण सैल राहिलं होतं, मासा कुजला, मी फेकून दिला. झाकण कुणी लावलं होतं, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव घेतलं. तू दारात उभी होतीस. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी हातातल्या कागदाकडे. पुढच्या आठवड्यात तू कामावर नव्हतीस आणि महिन्याभरात घरातही. आईला मी सांगितलं की तुला दुसरीकडे चांगलं काम मिळालं.

आईचं एक वाक्य मी तुझ्यापासून आजवर लपवलं. शिंपीकाकांकडून तिच्या कानावर बरणीची गोष्ट गेलीच. तिने मला जवळ बोलावलं आणि म्हणाली, ‘धाकटीचं झाकण सैल? तिने बांधलेल्या बुटाच्या नाड्या मला कात्रीने कापाव्या लागायच्या.’ एवढं बोलून तिने कूस बदलली. त्यानंतर ती जे चार-पाच महिने होती, त्यात त्या माशाचं नाव तिने एकदाही काढलं नाही. म्हणजे ज्याच्यासाठी सगळं केलं म्हणतो, ते तिने माझ्याकडून घेतलंही नाही. तिच्या शेवटी तू आलीस, दोन तास तिच्या खोलीत बसलीस आणि गेलीस. मी बाहेर उभा होतो. मला तेव्हाही सांगता आलं असतं.

काल संग्रहालयात गेलो. आता तिथे नव्या प्रमुखबाई आहेत. मला मान देतात, म्हणून जास्तच लाज वाटली. साठवणीच्या खोलीत शेवटच्या कपाटात, ओळख न पटलेल्या माशांच्या फळीवर, अगदी मागे, भिंतीकडे चिठ्ठी करून ४१७ होती. फेकून द्यायचं धाडस मला कधी झालं नाही. खोटं बोललो, पण नमुना नष्ट करायचा नाही ही शिस्त पाळली. आहे की नाही मी नियमाचा पक्का!

प्रमुखबाईंनी नोंदवही पाहिली. म्हणाल्या, “ही बरणी फेकली म्हणून नोंद आहे. मग ही कुणाची?”

“माझ्या बहिणीची,” मी म्हणालो, आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. शेवटी त्यांनी मला खुर्ची दिली आणि नोंदवही उघडी करून पेन पुढे ठेवलं. मी जुनी ओळ खोडली. नव्या ओळीत तुझं नाव, तारीख, आणि ‘दुपारी ४’ सुद्धा लिहिलं.

प्रकाशकांकडे दुरुस्ती आज सकाळी गेली. पान बत्तीस काढलं. आईचं नाव गेलं. ते लिहिताना हात थांबला, पण तिने कूस बदलली होती ते आठवलं आणि मग थांबला नाही. पान एकतीसवर आता एकच मासा राहील आणि खाली तीन वाक्यं. ही एकच जात असल्याचं चित्रकर्तीने बावीस वर्षांपूर्वी नमुन्यासह दाखवलं होतं. लेखकाने तो नमुना लपवला आणि दोष तिच्यावर ढकलला. तिचं म्हणणं बरोबर होतं. संपादकबाईंचा लगेच फोन आला, मधलं वाक्य हवंच आहे का. मी म्हणालो, या आवृत्तीत नवी माहिती तेवढीच आहे.

त्या पानावर तुझी राखुंडी डावीकडे आहे, निळा उजवीकडे. मधली जागा कोरी ठेवायला सांगितली आहे. तिथे तुझं हे पेन्सिलचं चित्र छापायचं, नवं काढायचं, की काहीच नाही, हे तू ठरव. तुझं नाव घालायचं की नाही हेही तूच. उत्तराची वाट बघणार नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल, आणि खोटं आता पुरे झालं. वाट बघेन. पण तू दिलं नाहीस तर ते तुझ्या हक्काचं आहे.

टाकीतली ती मोठी आता पुरती निळी झाली आहे. शेपटीला खाच तेवढी राहिली. सकाळी दिवा लावला की काचेजवळ येते. तिला काय म्हणावं ते मी अजून ठरवलेलं नाही.

एक सांगायचं राहिलं. काल बरणी सापडल्यावर मी ती उघडायला गेलो. काचेतून खवले नीट मोजता येईनात, म्हणून एकदा हातात घेऊन मोजावे असं वाटलं. आधी फडकं धरून पिळून पाहिलं. मग प्रमुखबाईंनी प्रयत्न केला. मग आम्ही दोघांनी मिळून, एकाने बरणी धरून आणि दुसऱ्याने झाकण. मेणावर अजून तुझ्या अंगठ्याचा ठसा आहे. आतलं स्पिरिट बोटभरही उतरलेलं नाही आणि मासा तू ठेवलास तसाच आहे. झाकण हललंसुद्धा नाही.

दादा